काळ्या दगडाची उतरण

ज्वालामुखीचें बेट म्हटलें कीं दूरच्या महासागरांतील एखादें धुमसतें शिखर डोळ्यांपुढें उभें राहतें. भूगोलाच्या पुस्तकांतील चित्रानें ही समजूत लहानपणींच पक्की करून टाकलेली असते. परंतु शिरूर किंवा दौंड येथें राहणारा मनुष्य ज्या काळ्या दगडाच्या पायरीवर बसून सकाळीं वर्तमानपत्र वाचतो, तो दगडही ज्वालामुखीनेंच ओतलेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय या दगडावरून सायकल खालीं आणण्याच्या खेळाचा आहे. इंग्रजींत ज्याला माउंटन बाइकिंग म्हणतात तो हा खेळ. मराठींत त्याला डोंगरी सायकल म्हटल्यास कोणाची हरकत नसावी. खेळ परदेशी, साहित्य महाग आणि धोका तर उघड. मग असल्या विषयाला नभोवाणीवर जागा कशाला, असें एखादे गृहस्थ विचारतील. त्यांस उत्तर एवढेंच कीं, पुण्याच्या आसपास पुष्कळ घरांत आज जाड टायरांची गिअरची सायकल आलेली आहे, ती चालविणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे, आणि रविवारीं पहांटे तो ती घेऊन कोठें जातो हें त्याच्या आईला नीटसें ठाऊक नसतें.

प्रथम दगडाची हकीकत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला ठिकठिकाणीं भेगा पडल्या व त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. शंकूसारखा एखादा पर्वत फुटला, असा हा प्रकार नव्हता. शिलारसाचे पूर एकामागून एक आले, पसरले, थिजले, आणि त्यांच्यावर पुढचा पूर आला. अशा थरांनीं बनलेलें दख्खनचें पठार आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. सह्याद्रीकडे या थरांची जाडी फार. पूर्वेकडे ती कमी होत जाते. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मतें या शिलारसाचा उगम पृथ्वीच्या पोटांतील एका तप्त जागेंत होता, आणि ती जागा अद्याप निवालेली नाहीं. तिच्यावरून भारताची भूमि उत्तरेकडे सरकत गेली. चूल जागच्या जागीं राहिली व तवा पुढें गेला. मागें सरकत्या समुद्रतळावर त्या चुलीनें लक्षद्वीप, मालदीव, चागोस व मॉरिशस यांचे पाये घातले, आणि आज तिच्या डोक्यावर रेयुनियों नांवाचें फ्रेंचांचें बेट आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगांतील अतिशय जागत्या ज्वालामुखींपैकीं एक असून तो वारंवार शिलारस ओकतो. तात्पर्य, दौंडचा दगड आणि रेयुनियोंचा दगड हे एकाच चुलीवरचे; एक सहा कोटी वर्षांपूर्वीं उतरलेला, दुसरा त्या मानानें काल-परवांचा. दोहोंमध्यें अंतर मात्र पांच हजार किलोमीटरांच्या आसपास पडलें आहे.

मधल्या मॉरिशसशीं तर मराठी माणसाचें रक्ताचें नातें आहे. इ.स. १८३४ नंतर ऊसमळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून जे मजूर तेथें नेण्यांत आले, त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. ऊस लावण्यापूर्वीं जमिनींतील काळे दगड वेचून त्यांचे ढीग रचावे लागत. तसे ढीग आजही तेथील उसांत उभे दिसतात. रत्नागिरीकडच्या माणसाला तो देश परका वाटला असेल, साहेबाची भाषा परकी वाटली असेल, पण हातांत आलेला दगड तरी ओळखीचा वाटला असला पाहिजे. याच बेटाची किम ल कूर ही सायकलपटु डोंगरी शर्यती खेळून मग सडकेच्या शर्यतींकडे वळली, आणि इ.स. २०२५ मध्यें बेल्जममधील ल्येझ-बास्तोन्य-ल्येझ ही स्त्रियांची शर्यत तिनें जिंकली.

आतां रेयुनियोंवरील उतरणीकडे वळूं. हें बेट पुणें जिल्ह्याच्या जेमतेम एक-षष्ठांश आहे. परंतु त्याच्या मध्यभागीं पितों दे नेझ हें शिखर ३,०७० मीटर उंच गेलें आहे. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर, हें लक्षांत घेतलें म्हणजे बेटाच्या चढ-उताराची कल्पना येईल. पश्चिम अंगास माइदो नांवाचा सुमारे २,२०० मीटर उंचीचा कडा आहे. तेथून समुद्राच्या दिशेनें शेंकडों सायकलस्वार एकदम सोडण्याची शर्यत भरत आलेली आहे. मेगाव्हॅलांश नांवाच्या शर्यतींपैकीं ही एक. त्यांतील मूळ शर्यत इ.स. १९९५ मध्यें फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांत सुरू झाली. नांवांतच बर्फाचा कडा कोसळण्याची कल्पना आहे, आणि पाहणाऱ्यास ती यथार्थ वाटते. माइदोच्या पलीकडे माफात ही खोल दरी आहे. तेथें वस्ती आहे, शाळा आहेत, पण मोटारीचा रस्ता नाहीं. टपाल कित्येक वर्षें पायीं पोंचविलें जात असे, आणि जड सामान आज हेलिकॉप्टरनें उतरतें. कड्याच्या एका अंगास माणसें संसारासाठीं पायीं चढतात आणि दुसऱ्या अंगास माणसें हौसेखातर चाकांवर उतरतात. जगाची रीतच अशी आहे, त्याला काय करणार!

त्या बेटावरचा पाऊस हाही एक चमत्कारच होय. जानेवारी १९६६ मध्यें फोक-फोक या ठिकाणीं चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, आणि हा जगाचा उच्चांक आहे. शिरूर व दौंड या तालुक्यांत वर्षाकाठीं पांचशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आपल्याकडे तीन वर्षांत जें पडत नाहीं तें तेथें एका दिवसांत पडून गेलें. असल्या पावसानें तेथील वाटांवरची माती धुवून नेली आहे, आणि उघडे पडलेले दगड व झाडांचीं मुळें यांची जणूं शिडीच झालेली आहे. सायकलस्वाराचें लक्ष अहोरात्र ओल्या व निसरड्या दगडाकडे. आपल्याकडचें दुखणें याच्या अगदीं उलट, कोरडें आहे. त्याचा विचार पुढें येईल.

या खेळाचा जन्म मात्र बेटावर झालेला नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें फेअरफॅक्स नांवाचें गांव आहे. तेथल्या कांहीं तरुणांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या, फुगीर टायरांच्या, भंगारांत गेलेल्या जड सायकली मिळविल्या व त्या जवळच्या डोंगरावरून खालीं सोडावयास आरंभ केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली रीतसर शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपासच्या वाटेंत उतार सुमारे चारशें मीटरांचा होता. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे. पायडल उलटें दाबलें म्हणजे तो लागे. उतरतांना तो इतका तापे कीं आंतलें वंगण जळून धूर निघे, आणि प्रत्येक खेपेनंतर तुंबा उघडून पुन्हां वंगण भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरा’, असें पडलें. पुढच्याच वर्षीं, इ.स. १९७७ मध्यें, त्यांतल्या जो ब्रीझ या कारागिरानें केवळ डोंगरासाठीं म्हणून सायकलीचा सांगाडा तयार केला. इ.स. १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलीला प्रवेश मिळाला. परंतु तो चढ-उताराच्या शर्यतीला होता. निव्वळ उतरणीच्या शर्यतीला ऑलिंपिकचें दार अजून उघडलेलें नाहीं.

एका दृष्टीनें पाहतां शिरूर-दौंडकडच्या माणसाला यांत नवें कांहींच नाहीं. भंगारांतली जड सायकल व दगडांची वाट या दोन्ही गोष्टी त्याच्या घरच्याच होत्या. अठ्ठावीस इंची चाकें, सळयांचे ब्रेक आणि मागें लोखंडी कॅरिअर अशा काळ्या सायकलीला दोन्ही अंगांस दुधाच्या कॅनी अडकवून गवळी माळावरून येत. वाडीवरचीं मुलें नळीच्या खालून पाय घालून अर्धा पायडल मारीत सडकेच्या गांवीं शाळेला येत. कोणी त्यांना खेळाडू म्हटलें नाहीं, त्यांचे फोटो निघाले नाहींत. उतारावर सळईचा ब्रेक पुरेनासा झाला कीं पायांतली वहाण चाकावर टेकावयाची, हा त्यांचा उपाय. त्या वहाणेचा वास आजही कित्येकांच्या आठवणींत असेल.

महाराष्ट्राचें नांव सायकलीवर दूर गेलें तें बहुतांशी सडकेवर. मुंबईच्या तीन पारशी तरुणांनीं, आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा यांनीं, इ.स. १९२३ ते १९२८ या काळांत सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं इ.स. २०१५ मध्यें अमेरिका खंड आरपार करणारी शर्यत पुरी केली. दगडी वाटेवरचा मान नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील प्रणिता सोमण हिनें मिळविला. डोंगरी सायकलीचें राष्ट्रीय अजिंक्यपद तिच्याकडे आलें. शिरूरहून घोड नदीचा पूल ओलांडला कीं तिचाच जिल्हा लागतो.

पुण्याहून सोलापूरच्या सडकेनें निघालें म्हणजे दौंड तालुक्यांत यवत लागतें. यवताच्या दक्षिणेस डोंगरावर भुलेश्वराचें यादवकालीन देवालय आहे. देवालय पुरंदर तालुक्यांत मोडतें, पण त्याची चढण यवताकडून. विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव यानें सतराव्या शतकांत येथें दौलतमंगळ नांवाचा किल्ला बांधला, त्याचे अवशेष अजून आहेत. पुण्याच्या सायकलस्वारांची ही आवडती जागा. सकाळीं चढावयाचें, दर्शन घ्यावयाचें, आणि उन्हें तापण्यापूर्वीं उतरावयाचें, असा त्यांचा क्रम. पक्क्या सडकेनें उतरणारे पुष्कळ. कांहीं जण मात्र आजूबाजूच्या गुरांच्या वाटा धरतात, आणि या भाषणाचा रोख त्यांच्याकडे आहे.

या वाटांवर दगडाच्या तीन-चार जाती भेटतात, व प्रत्येकीचा स्वभाव निराळा. घट्ट काळा पाषाण जेथें उघडा पडला आहे तेथें टायरास चांगली पकड मिळते; कोरडा असेल तर तो सडकेहूनही विश्वासू. त्याच्या शेजारीं मांजऱ्या खडक असतो. शिलारसांत अडकलेल्या वाफांचे बुडबुडे पुढें पांढऱ्या खनिजांनीं भरून निघाले, त्यामुळें तो ठिपकेदार दिसतो. हा लवकर झिजतो व त्याच्या कडा हातांत सुटतात. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें विटेसारखी तांबडी भाजकी माती लागते. तिसरा प्रकार गोट्यांचा. हवापाण्यानें काळा खडक कुजूं लागला म्हणजे त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आणि आंतला न कुजलेला गाभा वाटोळ्या धोंड्याच्या रूपानें वाटेवर येऊन बसतो. जे पापुद्रे सुटले त्यांचाच मुरूम होतो, आणि डोंगरी सायकलीचा खरा वैरी हा मुरूम होय. धोंडा दिसतो व माणूस सावध होतो. मुरूम दिसावयास सपाट, सौम्य, पिवळसर. पण घट्ट खडकावर पसरलेला त्याचा पातळ थर म्हणजे सांडलेले छर्रेच. त्यावर पुढचें चाक वळवितांच सायकल एकीकडे व स्वार दुसरीकडे, असा प्रकार होतो. ज्याला रेयुनियोंवर ओल्या मुळांची भीति, त्याला यवताच्या डोंगरावर कोरड्या मुरुमाची बाळगावी लागते.

पावसाळ्यांत खालच्या काळ्या मातीची गोष्ट आणखी वेगळी. ती चाकाला धरते, चिमट्यांत भरते, आणि शेवटीं चाकच फिरेनासें होतें. तेथें सायकल खांद्यावर घेण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि चिखलानें भरलेली सायकल फारच जड होते.

आतां ब्रेक. उतरणीचें सारें शास्त्र यांत आहे, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. स्वार व सायकल मिळून नव्वद किलो वजन धरा. शंभर मीटर उंचीवरून हें वजन खालीं येतें तेव्हां त्यांत सांठलेली सुमारे ८८ हजार जूल इतकी शक्ति कोठें तरी गेली पाहिजे. वेग वाढूं द्यावयाचा नसेल तर तिची उष्णता होते. ही उष्णता पाव लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी आहे. म्हणजे दर शंभर मीटर उतारास दोन पेले चहा. माइदोच्या कड्यावरून समुद्रापर्यंत येतांना याच हिशेबानें जवळजवळ सहा लिटर पाणी उकळेल. सगळीच उष्णता ब्रेकवर येत नाहीं, कांहीं वाटा वारा व टायर उचलतात. तरी पुष्कळसा भार त्या दोन लहानशा यंत्रांवर पडतो. ब्रेक रिमवर दाबणारा असेल तर रिम तापते, व ती फार तापली तर आंतली ट्यूब फुटण्याची भीति. तबकडीचा ब्रेक असेल तर ती पातळ तबकडी इतकी तापते कीं तिला बोट लावल्यास फोड येईल. तापलेल्या ब्रेकाची पकड ढिली होते, आणि ती नेमकी उताराच्या शेवटीं, माणूस थकलेला असतांना, ढिली होते. म्हणून उतारभर ब्रेक ओढून धरणें हें सावधपणाचें दिसलें तरी घातक आहे. अनुभवी स्वार मोकळ्या व टणक जागेंत एकदम वेग कमी करतो, आणि दगड आला कीं ब्रेक सोडून देतो. चाक फिरतें असलें म्हणजे तें धोंड्यावर चढून जातें. तेंच आवळून धरलें तर तें धोंड्याशीं अडतें, आणि स्वार हँडलावरून पुढें जातो.

दोन ब्रेकांपैकीं कोणता लावावा, हा घरोघरचा वाद आहे. पुढचा लावलास तर पालथा पडशील, अशी ताकीद मुलांस लहानपणींच मिळते, व ती अगदींच खोटी नाहीं. परंतु उतारावर वजन पुढें येतें, मागचें चाक हलकें होतें, आणि केवळ मागच्या ब्रेकावर विसंबणारा तसाच घसरत जातो. थांबविण्याचें खरें बळ पुढच्या चाकांत आहे. तें दोन्ही ब्रेकांसह, हलक्या बोटानें, सरळ जात असतांना वापरावयाचें. मुरुमावर वळतांना त्याला स्पर्शही करावयाचा नाहीं. हें ज्ञान पुस्तकानें यावयाचें नाहीं. शाळेच्या मैदानावर, चुन्याची रेघ ओढून, तिच्यावर सायकल थांबविण्याचा सराव पंधरा दिवस केला म्हणजे तें बोटांत उतरतें.

वेगाचा हिशेबही मुलांकडून एकदां कागदावर करवून घ्यावा. ताशीं १८ किलोमीटर वेगानें जाणारी सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. ताशीं ३६ किलोमीटरांनीं १० मीटर. वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. त्याशिवाय दगड दिसणें व बोटें आवळणें यांच्यामध्यें जो क्षण जातो, तेवढ्यांत सायकल कांहीं मीटर पुढें गेलेली असते. म्हणून स्वारानें नजर चाकापुढच्या दगडावर ठेवूं नये. तो दगड आतां टळत नाहीं. नजर आठ-दहा हात पुढें, वेग वाढला तर त्याहूनही लांब असावी. डोळे जेथें लागतात तेथेंच सायकल जाते, हा विलक्षण नियम आहे. धोंड्याकडे टक लावणारा हटकून धोंड्यावरच जाऊन आदळतो.

शरीर कसें ठेवावें याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. बैठक खालीं घ्यावी, दोन्ही पायडलें एका पातळींत आडवीं ठेवावींत, बैठकीवरून उठून सगळें वजन पायांवर द्यावें. कोपर व गुडघे वांकलेले असावे. उतार जितका खडा तितकें अंग मागें. पण इतकेंही मागें नको कीं पुढचें चाक हलकें होऊन भलतीकडे जाईल. टायरांत हवा सडकेच्या सायकलीहून पुष्कळ कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडाभोंवतीं दबून धरतो. अगदींच कमी केली तर रिम दगडावर आपटते.

आतां घरच्या मंडळींच्या प्रश्नाकडे. मुलगा सायकल मागतो तेव्हां बाप दुकानांत जातो, आणि जाड टायर, पुढें स्प्रिंगा, भडक रंग व एकवीस गिअर पाहून दाम मोजतो. दिसण्यांत डोंगरी असलेल्या सगळ्याच सायकली डोंगराच्या नसतात. स्वस्त सायकलींच्या स्प्रिंगा पुष्कळदां शोभेच्याच असतात, आणि सांगाड्याचा जोड असले धक्के सोसण्यासाठीं केलेला नसतो. गिअर दोन कमी असले तरी चालतील. ब्रेक, टायर व शिरस्त्राण यांवर पैसा खर्च व्हावा. शिरस्त्राणाच्या आंतला फेस एकदांच चिरडतो व डोक्यावरचा आघात आपल्यावर घेतो. म्हणून मोठा आपटा बसलेलें शिरस्त्राण वरून कितीही चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें. हातमोजे व गुडघ्यांवरच्या गाद्या यांनाही कोणी हंसूं नये; या दगडाची धार ज्यानें तळहातावर सोसली आहे तो हंसणार नाहीं.

परंतु खरा धोका दगडांत किंवा ब्रेकांतही नाहीं. चार मित्र एका कड्याशीं येतात. पहिला उतरतो. दुसरा खालीं उभा राहून मोबाइल फोनवर चित्र घेतो. तिसऱ्याच्या पोटांत गोळा आलेला असतो, पण तो तसें बोलत नाहीं. अपघात होतो तो या न बोलण्यानें होतो. हा मुलगा भित्रा नसतो. त्याच्या डोळ्यांनीं दगडाचा अंदाज बरोबर घेतलेला असतो आणि त्याची अक्कल त्याला ‘उतर’ म्हणून सांगत असते. त्या मुलाला कोणी तरी आधींच, घरीं बसून, शांतपणें सांगितलें पाहिजे कीं, जगांतले निष्णात उतरणवीर शर्यतीपूर्वीं ती सगळी वाट पायीं चालून पाहतात. दगड न दगड हेरतात, कोठें ब्रेक सोडावयाचा तें ठरवितात, आणि मगच सायकलीवर बसतात. ज्यांचें पोट या खेळावर आहे ते जर आधीं पायीं चालतात, तर यवताच्या किंवा शिरूरच्या मुलानें सायकल हातांत धरून दहा पावलें चालण्यांत लाज ती कसली? बापानें ‘जाऊंच नकोस’ म्हणून दटावलें तर मुलगा न सांगतां जाईल. ‘जेथें उतरावेंसें वाटेल तेथें उतर, आणि घरीं येऊन सांग कोठें उतरलास तें’ असें म्हटलें तर तो दोन्ही गोष्टी करील, असा भरंवसा पुष्कळ अंशीं धरतां येतो. एकट्यानें जाऊं नये. पाणी, पट्टी व पंक्चरचें सामान जवळ असावें. आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असावा.

माळ हा कांहीं ओसाड नव्हे, हीही गोष्ट शहरच्या मुलांस सांगावी लागते. दौंडच्या शेजारीं सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पांच चौरस किलोमीटरांचें, पण त्यांत चिंकारा हरणें आहेत. तसलेंच गवत व तसलेच दगड तालुक्यांत इतरत्रही आहेत, आणि तेथें टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्यें अंडीं घालतात. अंड्यांचा रंग इतका मुरुमासारखा कीं पायीं चालणाऱ्यालाही तीं दिसत नाहींत. वेगानें येणाऱ्या चाकाला तीं कशीं दिसणार? उन्हाळ्यांत टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली तर सायकल वळवून दुसरी वाट धरावी. वाटाही मुळांत सायकलींसाठीं पडलेल्या नाहींत. त्या मेंढरांच्या आहेत. रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून माळ आकसला आहे, ऊस पुढें सरकला आहे, आणि धनगराला कळप फिरविण्यास पूर्वींइतकी जागा राहिलेली नाहीं. अशा वेळीं वरून तीन सायकली धडधडत आल्या म्हणजे मेंढरें उधळतात, व एखादी गाभण मेंढी पडते. कळप दिसतांच थांबावें, पायउतार व्हावें, आणि ‘बाबा, खालची वाट मोकळी आहे का?’ एवढें विचारावें. बहुधा तो वाट तर सांगतोच, शिवाय पुढच्या ओढ्यांतला कोणता दगड हलतो तेंही सांगतो.

श्रावणांत व महाशिवरात्रीस भुलेश्वरीं गर्दी असते. त्या दिवशीं सडकेनेंही वेगानें उतरूं नये. दिवाळीनंतर माती वाळलेली असते, मुरूम अजून फार सुटलेला नसतो आणि सकाळ थंड असते. नवशिक्यास तो काळ बरा. फाल्गुनानंतर दगड तापतो व मुरूम मोकळा होतो.

शिरूरकडून जाणारांस एक ठिकाण सांगावयाचें राहिलें. टाकळी हाजी व निघोज यांच्यामध्यें कुकडी नदीनें काळ्या खडकांत रांजणखळगे कोरले आहेत. पुरांत अडकलेले गोटे एकाच जागीं गरगर फिरत राहिले, आणि शतकानुशतकें फिरून त्यांनीं माणूस उभा मावेल एवढाले रांजण केले. खडक पाण्यानें घांसून गुळगुळीत झालेला आहे आणि खळग्यांच्या कांठाला कठडा नाहीं. माळावरून तेथवर सायकलीची वाट सुरेख आहे. पुढें मात्र मळगंगेच्या देवळाजवळ सायकल उभी करावी, पाणी किती आहे तें गांवांतल्या कोणास विचारावें, आणि खडकावर पायींच जावें.